झोपेत थांबणारा श्वास: कारण शोधण्यापासून मशीनची सवय होईपर्यंत

झोपेत श्वास थांबतो असा संशय आला की डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी एक गोष्ट तयार ठेवावी, ती म्हणजे झोपेचं मोबाईलवरचं चित्रण. तीन ते पाच मिनिटांचं पुरतं, पण त्यात चेहरा, छाती आणि पोट तिन्ही दिसली पाहिजेत. पांघरूण बाजूला, बंडी वर सरकवलेली, आणि उजेड डोळ्यांवर न येता पायाकडून. चित्रण रात्री दहाला डोळा लागताक्षणी करण्यात फारसा अर्थ नाही. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, त्या वेळी घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात आणि श्वासाचे थांबे लांबतात. पहाटे चार-पाचच्या सुमाराला, माणूस उताणा असताना, घरच्या कुणीतरी उठून हे काम करावं. घोरणं एकदम बंद झालं की मनात सेकंद मोजायचे. दहाच्या पुढे गेले तर तो थांबा. त्या शांततेत छाती आणि पोट धडपडतायत, एक वर तर एक खाली होतंय, की दोन्ही निपचित आहेत, हे नीट टिपलं पाहिजे. पुढचे अर्धे प्रश्न याच एका निरीक्षणावर ठरतात.

झोपेत श्वास थांबण्याचा हा आजार (स्लीप ॲप्निया) ज्याला असतो त्याला स्वतःला तो दिसत नाही. मी या सगळ्या तपासण्यांतून गेलो आहे आणि रोज मुखवट्यातून हवेचा दाब देणारी मशीन (सीपॅप) लावून झोपतो, तरी आजही माझ्या रात्रीबद्दल खात्रीचं सांगणारे दोघंच: घरची माणसं आणि मशीनमधली नोंद.

आपल्याकडे विदर्भात एक अडचण वेगळी आहे. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की ओलितासाठी उठावं लागतं. पऱ्हाटी-हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही शिरू नयेत म्हणून जागलीला जावं लागतं. अशा माणसाला दिवसा झोप येणारच, त्यासाठी आजार लागत नाही. म्हणून डॉक्टर जेव्हा एपवर्थ प्रश्नावली भरायला देतात (आठ प्रसंग, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 24), तेव्हा ती जागल नसलेल्या आठवड्यांवरून भरावी. बसमध्ये, दुपारी जरा आडवं पडल्यावर, कुणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर झोप लागण्याची शक्यता किती, असे ते प्रश्न असतात. बेरीज 10 च्या वर गेली तर झोप वाजवीपेक्षा जास्त येते. सोबत दोन आठवड्यांची साधी वही ठेवावी: किती वाजता आडवे झालो, किती वाजता उठलो, रात्री लघवीला किती वेळा उठलो, सकाळी डोकं दुखत होतं का, तोंड कोरडं होतं का. लघवीचा रकाना लोक हसण्यावारी नेतात, पण तो महत्त्वाचा आहे. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयावर ताण येतो, हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. साठीच्या पुरुषाला प्रोस्टेटचं औषध चालू आहे आणि तरी उठणं कमी होत नाही, तर ही शक्यता डॉक्टरांना आवर्जून विचारावी.

बायकांच्या बाबतीत घोरण्याची तक्रार घरात बोललीच जात नाही. त्या थकवा, सकाळची डोकेदुखी, झोप तुटणं एवढंच सांगतात, आणि रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात. पाळी गेल्यावर हा आजार बायकांतही वाढतो. त्यांचंही चित्रण करा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पहिल्या फेरीत जे होऊ शकतं ते तिथेच करून घ्यावं, त्यासाठी नागपूरची वाट धरू नये. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, ईसीजी. शिंप्याच्या टेपने मान मोजायची, कंठमण्याच्या पातळीवर. 40 सेंटिमीटरच्या वर असेल तर संशय वाढतो. वजन-उंची. नाकाच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने श्वास घेऊन पाहायचा. मग तोंड उघडून जीभ बाहेर: पडजीभ आणि टाळूचा किती भाग दिसतो ते डॉक्टर बघतात. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांचं इथेच अडतं. टाळू आणि गालाची आतली बाजू पांढरी, ताठ झालेली असते आणि तोंड दोन बोटांपुरतंसुद्धा उघडत नाही. ही गोष्ट कागदावर लिहून घ्या, पुढे लागते.

आता कारणांकडे. श्वास थांबला की सरळ मशीन, असं नसतं, आणि माझं सगळं सांगणं याच मुद्द्यावर आहे: आधी कारण पक्कं करा.

सर्वांत जास्त दिसतो तो अडथळ्याचा प्रकार. झोपेत जीभ आणि टाळू मागे पडतात, घसा मिटतो, छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, एक मोठा घुरकारा येतो आणि चक्र पुन्हा सुरू. वजन हे मोठं कारण असलं तरी एकमेव नाही. आपल्याकडे काटक, सडपातळ माणसांतही हे आढळतं; खालचा जबडा लहान किंवा मागे असला की जिभेला जागाच उरत नाही. थायरॉइड कमी असेल तर जीभ आणि घशाच्या ऊती सुजतात, तिथे गोळीचा डोस बसवणं हे उपचारातलं पहिलं काम. संध्याकाळची मोहाची दारू किंवा झोपेची गोळी घशाचे स्नायू अजून ढिले करते आणि मेंदूची जाग उशिरा येते, म्हणून तेच थांबे लांबतात. झोप लागत नाही म्हणून गोळी, गोळीने थांबे लांबले म्हणून झोप अजून खराब, हा फेरा फार जणांच्या घरात चालू आहे. गोळी मात्र एका दिवसात मनाने बंद करू नका, डॉक्टर ती उतरवत नेतात.

मुलांत कारण बहुतेक वेळा टॉन्सिल आणि नाकामागची ॲडिनॉइडची गाठ. मूल तोंड उघडं टाकून झोपतं, मान मागे टाकतं, अंथरूण ओलं करतं, आणि दिवसा पेंगण्याऐवजी चिडचिड करतं, शाळेत एका जागी बसत नाही. मोठ्यांत तासाला 5 पर्यंतचे थांबे चालवून घेतात, मुलांत तासाला एकसुद्धा जास्तच धरतात. पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा भागात, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं बरीच आहेत. अशा मुलांत टॉन्सिल मोठे असतील आणि रात्री प्राणवायू उतरत असेल तर त्या उतारानेच रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या होऊन वेदनेचा झटका येऊ शकतो. सिकलसेलचं मूल घोरत असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडे नेताना सिकलसेल कार्ड सोबत ठेवा. शस्त्रक्रिया ठरली तर आधी रक्त द्यायचं का, सलाईन कधी सुरू करायची, हे भूलतज्ज्ञ ठरवतात, आणि त्यांना ते आदल्या रात्री नव्हे तर बरंच आधी कळायला हवं.

दुसरा प्रकार मेंदूकडून हुकूमच न सुटण्याचा. यात छाती-पोट दोन्ही शांत राहतात. अशक्त हृदय, अर्धांगवायूचा झटका आणि अफूवर्गातली औषधं ही यामागची मोठी कारणं. कंबरदुखीसाठी महिनोन्महिने घेतली जाणारी ट्रामाडॉल ही त्याच वर्गातली गोळी आहे. दुकानदाराकडून पट्टी आणणाऱ्याला ते ठाऊक नसतं. हृदय अशक्त असलेल्या माणसाचा श्वास ठरावीक लयीत वाढत जातो, कमी होत जातो, थांबतो, पुन्हा वाढतो. इथे आधी हृदयाची सोनोग्राफी आणि हृदयाची औषधं. एएसव्ही नावाची, श्वासागणिक स्वतः दाब बदलणारी एक खास मशीन अशा रुग्णांना, हृदयाची पंपशक्ती 45 टक्के किंवा त्याखाली असेल तर, देत नाहीत. 2015 मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात तिने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचं दिसलं. घोरतो म्हणून दुकानातून कुठलीही मशीन आणून लावणं किती धोक्याचं, ते यावरून कळावं.

तिसरा गट उथळ श्वासाचा. खूप वजन, किंवा चुलीच्या धुरात वर्षं काढलेली फुप्फुसं. इथे श्वास थांबण्यापेक्षा कमी पडतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. रक्तातलं बायकार्बोनेट 27 च्या वर असेल तर डॉक्टर धमनीतल्या रक्ताची तपासणी सांगतात. त्यात जागेपणी कार्बन डायऑक्साइडचा दाब 45 च्या वर निघाला तर साधी मशीन पुरेलच असं नाही, दोन दाबांची लागू शकते. अशा माणसाला घरी नुसतं ऑक्सिजनचं सिलिंडर लावून ठेवू नये: बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड चढून माणूस गुंगीत जातो.

आणि हे सगळं ज्यांना लागू नाही, त्यांच्याबद्दल. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटदुखीने उठला, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, बोलणं अडखळू लागलं, तर तो मण्यारचा दंश असू शकतो. दंश दुखत नाही, खूण बहुधा दिसतही नाही. फवारणीनंतर लाळ गळतेय, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, छातीत घरघर आहे, तर ती कीटकनाशकाची बाधा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्याने ती मोठ्या प्रमाणावर पाहिली. दोन्हींत श्वास काही तासांत बंद पडू शकतो. इथे चित्रण नाही, वही नाही, मांत्रिक तर नाहीच: 108 ला फोन आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय. वाटेत माणूस एका कुशीवर, तोंडातली लाळ पुसत. श्वास बंद पडलाच तर रुग्णवाहिकेतली फुग्याची पिशवी दाबत राहिली तरी सापाच्या विषाने लुळा झालेला माणूस वाचू शकतो, कारण विष श्वासाचे स्नायू थांबवतं. हृदय बराच वेळ चालू असतं.

परत झोपेच्या तपासणीकडे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्वसनरोग विभागात चौकशी करून तारीख घ्यायची. तपासणी दोन तऱ्हेची. रुग्णालयात रात्रभर झोपून होते ती पूर्ण: डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर, पायांवर तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला क्लिप. जाताना डोकं धुऊन जा आणि तेल अजिबात लावू नका. तेलकट टाळूवर तारा टिकत नाहीत आणि मध्यरात्री निघतात. नखांवरची नेलपॉलिश आणि गडद मेंदी आकडा बिघडवते, एक बोट तरी मोकळं ठेवा. नेहमीची औषधं नेहमीच्या वेळी घ्या, यादी सोबत न्या. रोज दारू घेत असाल तर ते तंत्रज्ञाला खरं सांगा.

घरी नेण्याची तपासणी सोपी. छातीवर पट्ट्याने बांधलेली छोटी डबी, नाकात दोन टोकांची नळी, बोटाला क्लिप. ती देताना तंत्रज्ञ एकदा लावून दाखवतो, तेव्हा घरच्या माणसाला पुढे करा आणि त्याच्याकडूनच लावून घ्या, कारण रात्री लावणार तोच. बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी: नळी नाकातून सरकते, म्हणून ती गालावर कागदी चिकटपट्टीने दोन्हीकडे चिकटवा, उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते, म्हणून गाल आधी कोरडा पुसा, क्लिप हात हलल्याने निसटते, तिची तार मनगटाशी पट्टीने धरून ठेवा. किमान चार तासांची नीट नोंद हवी, नाहीतर पुन्हा करावी लागते. आणखी एक मर्यादा आहे. ही डबी मेंदूची झोप मोजत नाही, फक्त नोंदीचा वेळ मोजते. दोन तास कूस बदलत जागे राहिलात तर थांबे त्या जागेपणावरही भागले जातात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. लक्षणं ठळक आहेत आणि घरची तपासणी साफ आली, तर पूर्ण तपासणी मागा. हृदय अशक्त, झटका येऊन गेलेला, फुप्फुसाचा मोठा आजार किंवा ट्रामाडॉलसारखी औषधं चालू असतील तर सुरुवातच पूर्ण तपासणीने होते.

अहवालात पहिल्यांदा एएचआय बघायचा: दहा सेकंदांचे पूर्ण थांबे अधिक श्वास बराच उतरल्याचे प्रसंग, भागिले तास. 6 तासांत 228 म्हणजे तासाला 38, असं माझं गणित होतं. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. पण तेवढ्यावर कागद मिटू नका. प्राणवायू सर्वांत खाली किती गेला, 90 च्या खाली एकूण किती मिनिटं होता, उताणं असतानाचा आकडा आणि कुशीवरचा आकडा वेगळा दिलाय का, अडथळ्याचे किती आणि मेंदूकडचे किती, हे चार प्रश्न डॉक्टरांना विचारा. उताणं 30 आणि कुशीवर 6 असा फरक असेल तर बंडीच्या पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू ठेवणं हासुद्धा खरा उपचार ठरू शकतो. बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा देऊन ती बाजू वर केली तरी काहींना फरक पडतो. वजन 10 टक्क्यांनी उतरलं तर थांबे साधारण पाव हिश्शाने कमी होतात. चांगलंच आहे, पण 38 चा पाव हिस्सा गेला तरी 28 च्या वर उरतात, म्हणून वजन उतरेपर्यंत मशीन टाळू नये. खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं साधन सौम्य-मध्यम आजारात चालतं. खर्ऱ्याने तोंड आखडलेल्यांना किंवा दात हलत असलेल्यांना ते बसत नाही.

मशीन म्हणजे हवेचा सततचा दाब. ही कल्पना सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी 1981 मध्ये मांडली. दाब 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याएवढा ठेवता येतो आणि तो आतून घशाला टेकू देतो. दाब कुणाला किती, ते एक रात्र रुग्णालयात बसवून किंवा स्वतः दाब शोधणारी मशीन काही दिवस लावून ठरतं. विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने घेऊन बघा. जुनी घेत असाल तर नमुना क्रमांक तपासा: जून 2021 मध्ये फिलिप्सने आवाज कमी करणारा आतला फोम झिजून कण सुटतात म्हणून आपल्या बऱ्याच मशीन परत मागवल्या होत्या.

मुखवट्यावर मशीनपेक्षा जास्त वेळ घालवा. मिशा जाड असतील तर नाक झाकणाऱ्या मुखवट्यातून हवा निसटते, नाकपुडीत बसणाऱ्या उशीचा प्रकार बघा. तोंड उघडून झोपणाऱ्याला नाक-तोंड दोन्ही झाकणारा लागतो, पण आधी नाक मोकळं आहे का ते पाहा. बहुतेकदा तोंड उघडतं ते नाक बंद म्हणून. मुखवटा आडवं पडून, दाब चालू ठेवून घालून बघायचा. बसून नीट बसलेला आडवं होताच गळतो. पट्टे आवळून गळती थांबत नाही, उलट मुखवट्याची उशी चपटी होते आणि नाकाच्या दांड्यावर जखम पडते. पट्ट्याखाली एक बोट जाईल एवढंच घट्ट. सकाळी पोट फुगलेलं, ढेकरा येत असतील तर हवा गिळली जातेय, दाब जास्त असू शकतो. दाब मनाने बदलू नका, मशीनमधली नोंद डॉक्टरांना दाखवा. काहींना सुरुवातीच्या आठवड्यांत मशीनवर मेंदूकडचे थांबे नव्याने दिसतात, ते बहुतेकांत आपोआप कमी होतात. सवय दिवसा लावा: टीव्ही बघताना अर्धा तास मुखवटा घालून बसा, मग दुपारच्या डुलकीला, मग रात्री.

वीज. अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, त्यामुळे पंप सुरू झाल्यावर वीज मंद झाली तरी मशीन चालते. धोका वरच्या बाजूचा: न्यूट्रल तुटला की घरातली उपकरणं जळतात, त्यात पहिला बळी या महागड्या मशीनचा जाऊ नये. त्यासाठी नुसता स्पाइक गार्ड पुरत नाही, व्होल्टेज वाढलं की वीज तोडणारं उपकरण लावा; कडकडाट सुरू झाला की प्लग काढा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. पाणी तापवणारा भाग आणि गरम नळी बंद केली तर मशीन दहा-वीस वॅटच्या आसपास वीज घेते आणि 150 ॲम्पिअर-अवरच्या बऱ्या बॅटरीवर रात्र निघते. तो भाग चालू ठेवला तर कितीतरी पट जास्त लागते. मध्येच वीज गेली तर नाक-तोंडाच्या मुखवट्यात बाहेरची हवा घेणारी झडप असते, तरी मुखवटा काढूनच झोपा आणि त्या रात्री कुशीवर.

धूळ हा आपल्याकडचा खरा शत्रू. भाव येईपर्यंत कापूस घरात रचलेला असतो आणि मशीन त्याच खोलीत. कापसाचं तूस मागच्या गाळणीवर बसतं, हवा कमी मिळते, मोटर जोराने घरघरते. कापसाच्या आणि मळणीच्या दिवसांत गाळणी दर आठवड्याला बघा; कागदी असेल तर धुवायची नाही, बदलायची. मशीन जमिनीवर नको, पण उशीच्या पातळीच्या खाली, स्टुलावर हवी, म्हणजे नळीतलं पाणी तोंडाकडे येत नाही. मे महिन्यात कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट असते, पाण्याचा भाग बहुधा लागत नाही. डिसेंबरच्या थंडीत उलटं: गरम दमट हवेतल्या वाफेचं गार नळीत पाणी होतं आणि गुडगुड आवाज येतो. नळीवर सुती कापडाची खोळ घाला आणि ओलावा एक पायरी उतरवा. पाणी डिस्टिल्ड, सीलबंद. बोअरच्या पाण्याने टाकीला पांढरा थर धरतो आणि उकळून तो जात नाही. बॅटरीवाल्याकडच्या उघड्या कॅनमधलं पाणी आणू नका. बॅटरीचं आम्लही तशाच कॅनमध्ये ठेवलेलं असतं. टाकी रोज सकाळी रिकामी करून सावलीत वाळवायची. मुखवट्याची उशी रोज ओल्या फडक्याने, नळी आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने. अंगणात झोपत असाल तर नळी घालण्याआधी झटकून बघा. मुंग्या आणि पाली उबेला येतात.

कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, मोतीबिंदू असो की हर्निया, तर भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी आधी सांगायच्या: झोपेत श्वास थांबतो, आणि तोंड किती उघडतं. भुलीची आणि वेदनेची औषधं घसा ढिला करतात, आणि आखडलेल्या तोंडातून श्वासनळीत नळी घालणं कठीण जातं. मशीन, मुखवटा, अडॅप्टर आणि शेवटचा अहवाल अशी पिशवी भरून सोबत न्या, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री वॉर्डातल्या सिस्टरांना सांगून ती लावूनच झोपा.